जिन्यावरचं हिमोग्लोबिन

इरण्णाकाकांनी मला वाचवलं. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकताना तुम्ही त्यांना हसाल. हसा, मीही हसते.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या तोंडाशी आमची रक्त तपासायची लॅब आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. काका तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन. जिन्यात पावलं वाजली की मान न वळवता सांगतात, "साडेदहा." माणूस वर येतो, रक्त देतो, दुपारी मशीन म्हणतं, हिमोग्लोबिन दहा पॉइंट चार. "मशीन जरा कंजूष हाय," काका म्हणतात.

सुई टोचायच्या आधी ते शिरेशी कानडीत बोलतात. "बा तंगी, बा." ये गं धाकटे, ये. शीर खरंच वर येते. संध्याकाळी घरी गेले की दिवसभराच्या पेशंटना फोन: "हात काळानिळा झाला न्हाय न्हवं? जेवलासा का?" लोक वैतागतात. एक जण म्हणाला, माझी सासूसुद्धा एवढं विचारत नाही.

मी भंडाऱ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याला टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावायचं काम मिळालं, आणि पहिल्या दिवसापासून एकच धास्ती: आपल्या हातून चूक होणार आणि लॅबचे डॉक्टर आपल्याला घरी बसवणार.

झालीच. एका सकाळी जिना धडाधड वाजला. "पंधराच्या वर!" काका खूश. आला तो विमानाचा पायलट, सुट्टीवर घरी आलेला. पायलटांची ठरलेली डॉक्टरी तपासणी असते म्हणे. रक्ताचे रिपोर्ट घेऊन त्याला पुण्याच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं. तिथे अडकला की विमान बंद. त्याच्या मागोमाग नरसम्माअक्का आल्या, कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या. पायरीवर दोनदा बसल्या. काका हळूच म्हणाले, "आठ. त्याच्यावर न्हाय."

काकांचा नियम असा, की चिठ्ठी पेशंटसमोर, नाव मोठ्यानं वाचून लावायची. पण पायलट मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. बघतच राहिले. दोघं गेल्यावर घाईघाईनं, मनातल्या मनात वाचून चिठ्ठ्या लावल्या.

दुपारी रिपोर्ट आले. पायलट आठ. नरसम्माअक्का पंधरा पॉइंट सहा.

काकांनी कागद नाकाजवळ धरला. "आठवाला माणूस दोन-दोन पायऱ्या चढतोय व्हय? आणि अक्का काय विमान चालवनार हायत?" मग माझ्याकडे वळून, "चिठ्ठी कवा लावलीस, पोरी?"

मी रडायलाच लागले. मनातल्या मनात गावाकडच्या गाडीत बसूनही झालं.

"रडू नगंस, वरलं पानी खाली नळीत पडंल," म्हणाले, आणि स्वतः दोघांना फोन लावला. "चूक आमची हाय, पायलटसाहेब. परत या की." दोघांचं रक्त पुन्हा काढलं, नावं माझ्याकडून ओरडून वाचून घेतली. डॉक्टरांना सांगितलं, "टेबल माझं, नळ्या माझ्या, जबाबदारी माझी." डॉक्टर त्यांनाच बोलले. माझ्या वाट्याचंही ऐकून घेतलं त्यांनी, मान खाली घालून.

पायलट साडेपंधरा घेऊन पुण्याला गेला आणि पास झाला. अक्कांना गोळ्या सुरू झाल्या. चुकीचा कागद हातात पडला असता तर ठणठणीत आहे म्हणून तशाच उभ्या राहिल्या असत्या कामावर.

तेव्हापासून जिन्याकडे माझेही कान असतात. परवा सकाळी पावलं वाजली. चार पायऱ्या, थांबली. पुन्हा पाच, पुन्हा थांबली. नऊ, मी मनात म्हटलं.

दारात काका.

"चपलेचा अंगठा तुटलाय," म्हणाले. चप्पल नवीकोरी होती.

"काका, तुमचं रक्त कधी तपासलंत?"

"माजी शीर लई खोल हाय. आमच्या हिलाच घावायची, नर्स हुती ती. ती गेल्यावर कुणाला हात दिला न्हाय."

संध्याकाळी ते इतके फोन का करतात, हे मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी हट्ट धरला, मला सुई शिकवा. आता रोज दुपारी रबराच्या नळीवर टोचत बसते आणि काका ओरडतात, "अगं, भोसकतीस काय!" ओरडू देत. ती खोल शीर मी शोधणार, लवकरच, आणि एकाच टोच्यात. आधी म्हणणार, बा तंगी, बा. आणि संध्याकाळी फोन करून विचारणार, काका, हात काळानिळा नाही ना झाला? जेवलात का?