प्योआजोबांचा उन्सा

प्योआजोबांच्या घरात दिवसातून दोनदा आवाज व्हायचा, तो भाताच्या बोलक्या कुकरचा. "भात तयार आहे, ढवळून घ्या," असं तो गोड आवाजात सांगायचा आणि आजोबा त्याला "बरं" म्हणायचे. बायको गेल्याला दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं कोरियातल्या जेचन शहरात बस चालवलेल्या माणसाला दिवसभरात एवढाच काय तो संवाद उरला होता.

अशात कोपऱ्यावरच्या चर्चने फलक लावला : 'तुमचा उन्सा शोधून देऊ! रविवारी, जेवणासह.' आता उन्सा शब्दाचे अर्थ दोन. चर्चमध्ये उन्सा म्हणजे देवाने प्रत्येकाच्या पदरात टाकलेलं कृपादान. बाहेर उन्सा म्हणजे आपल्याला घडवणारे गुरुजी नाहीतर बाई. आजोबांनी जन्मात चर्चची पायरी चढली नव्हती. त्यांना चौथीच्या यॉम बाई आठवल्या आणि त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

नोंदीला मो क्वन्सा बसल्या होत्या. क्वन्सा म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठ सेविका. पाळकसाहेबसुद्धा त्यांना विचारून शिंकायचे.

"आजोबा, उन्सा पहिल्यांदा कधी कळला?"

"चौथीत."

"अगबाई, इतक्या लहानपणी! काय वाटलं तेव्हा?"

"भीती. हातात छडी होती ना."

क्वन्सांनी भक्तिभावाने लिहून घेतलं. "मग पुढे?"

"पुढे काय, बदली झाली. गेली साठ वर्षं पत्ता नाही."

"असं कसं म्हणता? देवाने दिलेला उन्सा कुठे जात नाही. नीट ऐका हं, तुमचा उन्सा पुरलाय."

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "पुरला? कधी? मला कुणी कळवलंसुद्धा नाही हो!" आणि ते ओक्साबोक्शी रडायला लागले.

देवाचं दान न वापरता पुरून ठेवल्याचा हा पश्चात्तापच, अशी क्वन्सांची खात्री पटली. असे अश्रू वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आजोबांचा दंड धरला आणि थेट वेदीपुढे, भरल्या मंडळीसमोर साक्ष द्यायला उभं केलं.

"माझा उन्सा पुरल्याचं मला या ताईंकडून आत्ताच कळलं," आजोबा नाक पुसत म्हणाले.

"आमेन!" मंडळी गरजली.

आजोबा दचकले. "आमेन काय? कुठे पुरलंय तेवढं सांगा. पांढरी शेवंती घेऊन जाईन म्हणतो."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "आजोबा, कुणाला पुरलंय?"

"यॉम बाईंना. चौथीच्या."

मग जो हशा पिकला, तो मागच्या बाकापर्यंत गेला आणि परत आला. क्वन्सा तेवढ्या हसल्या नाहीत, लाजेने लालबुंद होऊन त्यांनी विचारलं, "पण आजोबा, बाई हव्यात कशाला?"

"त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं होतं, दूमान, तुझ्यात एक गोष्ट आहे, ती दुसऱ्या कुणात नाही. पाचवीत गेलास की सांगेन. आणि बदली होऊन गेल्या. मी आपली बस चालवली. आता मरायच्या आत तेवढं कळावं. देवाने मला कशासाठी धाडलं होतं, ते तरी कळेल."

हशा थांबला. पाळकसाहेबांनी या विषयावर चार आठवड्यांचं प्रवचन बेतलं होतं; त्यांनी कागद मुकाट्याने खिशात घातले.

चर्चच्या बायकांनी मनावर घेतलं तर पाताळातला माणूसही सापडतो. बुधवारी क्वन्सा नंबर घेऊन हजर. बाई जिवंत होत्या, एक्याण्णव वर्षांच्या, वन्जूच्या वृद्धाश्रमात. क्वन्सांनीच फोन लावून दिला आणि त्या हळूच निघून गेल्या.

आजोबांनी उभ्या उभ्या, हात जोडल्यासारखा फोन धरून प्रश्न विचारला.

"ते होय!" पलीकडून बाई खळखळून हसल्या. "अरे, ते मी बासष्टच्या बासष्ट पोरांना सांगायचे. एकेकाला कोपऱ्यात नेऊन. त्याशिवाय पोरं अभ्यास करतात होय?"

आजोबा मटकन खाली बसले. साठ वर्षं जपलेली गोष्ट बासष्टजणांत वाटली गेली होती. त्यांना खरोखर रडू आलं. फोन ठेवावा म्हणून त्यांनी तो कानापासून दूर नेला.

"दूमान! ऐकतोयस ना?" बाईंचा आवाज खाली आला. "त्यातल्या एकानेही विचारलं नाही रे. तू पहिला. जेवलास का?"

"नाही, बाई."

"इथे आम्ही जेवतो आणि भिंतीकडे बघतो. बोलायला कुणी नाही. मला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवलाय. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"तू मला विचारतोस? बडबड्या दूमान तूच ना? तू आजारी असलास की वर्ग कसा सुना पडायचा!"

आजोबांनी घसा खाकरला. एकदा एका बाईने बसमध्ये टोपलीभर कोंबड्या आणल्या होत्या, तिथून त्यांनी सुरुवात केली. टोपली उलटली, कोंबड्या सुटल्या, एक नेमकी फौजदाराच्या डोक्यावर जाऊन बसली. इथे आजोबा दम घ्यायला थांबले.

"मग? मग फौजदार काय म्हणाला?" पलीकडून कुणीतरी विचारलं, आणि तो आवाज बाईंचा नव्हता.