शिंप्याचा दावा, सायकलवाल्याचे मौन

शहरातल्या वर्तमानपत्राने समाजात शांतता नांदवायचे ठरवले, तेव्हा गल्लीत शांतताच होती. वर्तमानपत्र दुपारनंतर डब्यांच्या तळाशी घालायच्या कामी येई, त्या काळची ही गोष्ट.

शिंपी आणि शेजारचा सायकलवाला, म्हणजे पंक्चरशेठ, चौतीस वर्षे एकाच बाकावर बसून चारचा चहा पीत. अशी आदर्श शांतता पाहायला बातमीदार आला.

"काका, तुमच्यात कधी भांडण?"

"छे! भांडत बसलो तर चहा निवेल."

दुसऱ्या दिवशी मथळा आला : 'चौतीस वर्षांनंतरही गल्लीत तणावपूर्ण शांतता.'

संध्याकाळपर्यंत खबरदारी म्हणून दोन हवालदार बाकावर येऊन बसले. शिंपी गळ्यातल्या टेपसकट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला.

"अहो, 'तणावपूर्ण' कुठून आलं?"

उपसंपादक नम्रपणे म्हणाले, "काका, त्या दोन शब्दांचे छपाईचे खिळे आम्ही जुळवून, दोऱ्याने बांधूनच ठेवलेत. रोज लागतात. नुसत्या शांततेसाठी गाठ सोडायला फोरमन तयार नाही."

"मग आमचं भांडण नाही, एवढं तरी छापा."

"अवश्य! दोन्ही बाजू मांडणं हे आमचं कर्तव्य."

बातमीदार दुसऱ्या बाजूकडे गेला. पंक्चरशेठची त्याच सकाळी दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी नुसता हात हलवला. सकाळी छापून आले : 'भांडण नसल्याचा शिंप्याचा दावा, सायकलवाल्याचे मौन.'

बोळा काढून पंक्चरशेठ थेट शिंप्याच्या दुकानात शिरले. "दावा लावलास? माझ्यावर?"

"अरे, तो दावा नव्हे!"

"मग काय, गुरं बांधायचं दावं? तुझ्या मशीनला माझं तेल, आणि मला कोर्ट!"

"आणि तू रे? 'भांडण नाही' म्हणायला तोंड नव्हतं तुला?"

"तोंड होतं, दाढ नव्हती!"

"उरलेल्या दातांनी बोलायचं होतंस!"

हवालदारांनी शिट्ट्या फुंकल्या. पुढच्या सकाळी 'अखेर भडका!' आणि शेजारीच 'संयम राखा' हा अग्रलेख. आठ वाजता अंक संपले. ज्यांनी जन्मात वर्तमानपत्र विकत घेतले नव्हते, तेही अंक मागत फिरले.

त्या दुपारी शिंप्याने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. चार वाजले. एकट्याचा चहा गोड लागेना. शेवटी तो दुसरा कप घेऊन शेजारी गेला.

"दुखतंय का रे फार?"

"दाढ की दुसरं काही?" पंक्चरशेठ तोंड फिरवून म्हणाले, पण हात कपाकडेच आला. "साखर कमी आहे."

"दाढेला बरी."

दोघेही हसले. त्या हसण्यात शिंपी तडक कचेरीत गेला. "मिटलं आमचं!"

उपसंपादकांचा चेहरा सुतकी झाला. "अरेरे! इतक्यात?" तरी त्यांनी कर्तव्य म्हणून दोन ओळी छापल्या, आगगाड्यांच्या वेळापत्रकाखाली.

त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. गल्लीतले कुणीच त्या दोन ओळींपर्यंत पोचले नाही. आणि तुम्हीसुद्धा, खरे सांगा, दाढेच्या भांडणापर्यंत चवीने वाचलेत. शिंपी कप घेऊन निघाला, तशी पान उलटायला बोटाला थुंकी लावलीत.