न थांबणारी बॅटरीगाडी

सीतारामनं सासूबाईंसाठी बॅटरीवर चालणारी हातगाडी बांधली, तेव्हा ती चालेल की नाही याचीच त्याला काळजी होती. थांबेल की नाही, हा विचार मनाला शिवलाही नव्हता.

राधाबाई डिलाईल रोडवरून लालबागला सुकी मासळी विकायला जात. हल्ली गुडघे धरले होते. गिरणीत वायरमन असलेल्या जावयानं रे रोडच्या भंगारातून एक मोटार आणली आणि लॉरीच्या जुन्या बॅटऱ्या जोडल्या. चार बॅटऱ्यांवर रिकामी गाडी छान पळाली. राधाबाईंचं वजन धरून सहा केल्या, तर आस वाकला. जाड आस घातला, तर तो ओढायला आणखी दोन लागल्या. शेवटी गाडी मुख्यतः बॅटऱ्याच वाहू लागली. बॅटऱ्यांच्या पेटीवर झाकण, झाकणावर गोधडी आणि गोधडीवर मांडीत मासळीची पाटी घेऊन राधाबाई.

गाडी निघाली, माणसाच्या चालीनं. सीताराम सुकाणूची दांडी धरून शेजारून ऐटीत चालला होता. नाक्यावर बाजूच्या रस्त्यानं संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा वळताना दिसला, म्हणून त्यानं स्विच बंद करायला हात घातला. आतली पट्टी तापून चिकटली होती. जोर लावला तशी मूठच सुटून हातात आली.

"आत्या, जरा उतरता का?"

"का हो?"

"सहज."

"सहज काय उतरायचं? लालबाग कुठं आलंय अजून?"

तारा सोडवायच्या तर झाकण उघडायला हवं, आणि झाकणावर सासूबाई. खरं सांगावं तर चाळभर हसं होणार. तो दुसरं निमित्त शोधू लागला, तेवढ्यात गाडी मोर्चाच्या पुढे जाऊन लागली. मागच्या, मोर्चातल्या बायकांना वाटलं, म्हातारीला मुद्दामच पुढं बसवलंय. त्यांनी घोषणांचा आवाज चढवला.

समोर पुलाच्या चढावर पोलीस लाठ्या घेऊन आडवे उभे होते.

"आत्या, स्विच मोडलाय. गाडी थांबत नाही. पाया पडतो, उतरा."

राधाबाईंनी मागे वळून पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसून राहिल्या.

"थांबवा गाडी," पुढून हवालदार ओरडला.

"साहेब, तेच करतोय मघापासून."

चढ लागला. मोटार कण्हली, बॅटऱ्यांनी मान टाकली आणि गाडी मागे, बायकांच्या अंगावर घसरू लागली. हवालदारानं लाठी टाकून पुढून दांडी धरली. मागून बायकांनी खांदे लावले. काय चाललंय हे कुणाला नीट कळायच्या आत सरकार आणि मोर्चा मिळून गाडी ढकलत होते.

"साहेब, हळू हं, मासळी सांडेल," राधाबाई म्हणाल्या.

गाडी पुलापलीकडे कडेला लागली. सीतारामचा सदरा घामानं चिंब झाला होता.

"आत्या, चालीचाच तर वेग होता. उतरला का नाहीत?"

"एवढ्या बायका भरवशानं मागं येत होत्या," राधाबाई म्हणाल्या. "पुढच्यानं मधूनच उतरून जाणं बरं दिसतं का, जावईबापू?"