बावीस किलोचं देवदर्शन

मस्तगडातल्या त्या गल्लीला तोंड एकच, आणि त्या तोंडावर राधेश्यामचं किराणा दुकान. गल्लीत येणारा पाहुणा, गल्लीतून निघणारी वरात, माहेरी रुसून चाललेली सून, सगळं त्याच्या तराजूसमोरून जाई. गल्लीचं दुसरं टोक मोकळं करायचं एकदा ठरलं होतं. त्या कामाची सुरुवात म्हणून तिथं आधी एक भिंत बांधली गेली आणि तेवढ्यात निधी संपला.

दुकानाच्या पायरीला लागून एक लाकडी बाक होता. त्यावर रोज संध्याकाळी सहा ते आठ रामराव बसत. ते पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. ज्या कालव्याचं त्यांनी बत्तीस वर्षं निरीक्षण केलं त्यात पाणी एकदाही आलं नाही, त्यामुळे सेवापुस्तिका अगदी कोरडी ठणठणीत होती. आता बाकावर बसून राधेश्यामचा पेपर वाचायचा, राधेश्यामचा चहा प्यायचा आणि त्याच्या गिऱ्हाइकांना न विचारता सल्ला द्यायचा, एवढाच कार्यक्रम. गल्लीत त्यांना जो काही मान होता तो या बाकावर बसलेला होता.

एका शुक्रवारी त्यांची सून तृप्ती बायपासवरच्या नव्या मार्टचं रंगीत पत्रक घेऊन आली. ती एकेक भाव वाचे आणि रामराव त्यापुढे राधेश्यामचा भाव सांगत. साखर, तेल, तूरडाळ, साबण असं करत पत्रक संपलं तेव्हा रामरावांचा चेहरा जवळच्या नातेवाइकाची बातमी ऐकल्यासारखा झाला होता. महिन्याला तीनशेच्या वर रुपये वाचत होते. शिवाय पाचशेच्या खरेदीवर एक नारंगी प्लॅस्टिकचा मग फुकट.

"स्वस्त हाये ते बराबर हाये," रामरावांच्या पत्नी वंदनाबाई म्हणाल्या. "पन आनायचं कोनत्या तोंडानं? शेठ समोर बसेल असतात."

 पिशव्या घेऊन दुकानासमोरून यायचं म्हणजे बाक गेला. घरपोच मागवावं, तर सामान आणून देणारा पत्ता राधेश्यामलाच विचारणार. शेवटी रामरावांची नजर कपाटावरच्या निळ्या चाकांच्या बॅगेवर गेली. बॅग घेऊन निघालेला माणूस गावाला जातो आणि बॅग घेऊन आलेला माणूस गावाहून येतो. त्यात किराणा असेल अशी शंका कुणालाच येत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत रामरावांना सुचलेली ही पहिली योजना होती, आणि तीही निवृत्तीनंतर सुचली.

शनिवारी सकाळी ते बॅग ओढत गल्लीच्या तोंडाशी आले.

"कुठं निघाले रामरावजी?" राधेश्यामनं विचारलं.

एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर तयार करायचं राहूनच गेलं होतं. नोकरीत असताना, कुठं चाललात, असं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. तोंडात पहिलं आलं ते वंदनाबाईंचं माहेर.

"पिंपळगाव रेणुकाईला. म्हनलं, देवीचं दर्शन घेऊन यावं."

सासुरवाडीला एकटा आणि आनंदानं निघालेला जावई राधेश्याम पहिल्यांदाच पाहत होता. मदत म्हणून त्यानं बॅग रिक्षात ठेवायला उचलली. राधेश्यामच्या हातात काटा बसवलेला आहे, असं गल्लीत म्हणत. पुडी उचलून तो छटाकापर्यंत वजन सांगे.

"ही तं रिकामी हाये."

"जाताना रिकामीच न्यायची," रामराव म्हणाले. "येताना मेव्हणे भरून देतात. मिरची-बिरची."

"मंग माझ्यासाठी बी दोन किलो हिरवी आना. तिकडच्या मिरचीची बात न्यारी." एवढं बोलून राधेश्याम आत गेला आणि एक नारळ घेऊन आला. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "हा माझ्या नावानं वाहा. बायपासला ते मार्ट झाल्यापासून गिऱ्हाईक पार तुटून राह्यलं. देवीला म्हना, दुनियेचं जाऊ दे, आमच्या गल्लीतले लोक तेवढे माघारी वळव. दुसऱ्याच्या हाती न्हाई दिला असता. तुम्ही म्हंजे घरचे."

रामरावांनी नारळ घेतला. तो दीड पाव असेल, पण त्यांना चांगला जड लागला. "स्टँडला घे," ते रिक्षावाल्याला मोठ्यानं म्हणाले, आणि वळण गेल्यावर हळूच, "बायपासला."

मार्टच्या दारात पहारेकऱ्यानं बॅग ठेवून घेतली, पण नारळ ठेवून घ्यायची सोय त्यांच्याकडे नव्हती. बाहेर पडताना घोटाळा नको म्हणून त्यानं नारळावर एक पिवळा स्टिकर चिकटवला, 'तपासले'. खिशात मावेना म्हणून रामरावांनी नारळ ट्रॉलीत लहान मुलं बसवतात त्या जागी बसवला. त्यामुळे झालं असं, की तासभर नारळ शेंडी वर करून त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी साखर घेतली, त्यानं पाहिलं. साखरेच्या ढिगावर 'एका ग्राहकास दोनच पाकिटे' अशी पाटी होती. रामरावांनी दोन घेतली, तिसऱ्याला हात घालून पाहिला आणि नारळाशी नजरानजर होताच परत ठेवलं. तेलाच्या ढिगावरही तशीच पाटी होती. सगळी खरेदी आटोपून, नारंगी मग घेऊन, बॅग भरून ते बाहेर आले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की भोकरदनला गाडी बदलून पिंपळगावला जायचं, दर्शन घ्यायचं, सासुरवाडीचं जेवण करायचं आणि परत यायचं, हे सव्वाअकराला आटोपत नाही. पाच वाजेपर्यंत कुठंतरी बसणं भाग होतं. गावाहून आलेल्या माणसानं बसावं असं ठिकाण एकच. ते बसस्टँडवर गेले.

बाकावर आधीच संघपाल सर बसलेले होते. हे गल्लीतले शेजारी, शाळेत गणित शिकवत. पायाशी भलीमोठी काळी बॅग.

"सर, तुम्ही इथं?"

"आष्टीला प्रशिक्षण होतं," सर म्हणाले. "तिथूनच आल्तो. तुम्ही?"

"पिंपळगावला गेल्तो."

दोघं शेजारी शेजारी बसले. बारा वाजले, एक वाजला. आष्टीहून आलेले सर घरी जाईनात आणि पिंपळगावहून आलेले रामराव उठेनात. दीडच्या सुमारास दोघांनी भजी खाल्ली, तीनला चहा घेतला. साडेतीनला रामरावांचं लक्ष सरांच्या बॅगेकडे गेलं. चेन पुरती बसली नव्हती आणि फटीतून एका नारंगी मगाचा कान बाहेर आला होता. सरांनी त्यांची नजर पाहिली. मग रामरावांच्या बॅगेकडे पाहिलं. तिथूनही एक कान बाहेर आला होता.

बराच वेळ दोघांनी समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या.

"प्रशिक्षण चांगलं झालं का?" रामरावांनी विचारलं.

"लाभदायक होतं," सर म्हणाले. "मी पुढं होतो. तुम्ही अर्ध्या तासानं या."

मधल्या अर्ध्या तासात रामरावांनी भाजीबाजारातून दोन किलो हिरवी मिरची घेतली. वाटेत लागली म्हणून पावशेर पेढेही घेतले, कारण देवीहून आलेला माणूस हात हलवत येत नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तशी राधेश्यामनं स्वतः बॅग खाली उतरवली. उतरवून क्षणभर तशीच हातात धरली.

"बावीस किलो," तो म्हणाला.

"मिरची हाये," रामराव म्हणाले.

 राधेश्यामनं पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि मिरचीचे पैसे काढले. पण सासुरवाडीच्या मिरचीचे पैसे घ्यायचे कसे? रामरावांनी ते हात जोडून परत केले. भजी, चहा, रिक्षा, पेढे आणि मिरची धरता महिन्याची बचत गल्लीच्या तोंडाशीच संपली होती. उरला होता तो मग.

आणि नारळ. बॅग रिकामी करताना तो वंदनाबाईंच्या हाती लागला, स्टिकरसकट.

"अहो, हा कुनाचा?"

रामरावांनी सांगितलं. वंदनाबाईंनी नारळ खाली ठेवला, हात धुतले आणि देवघरासमोर उभं राहून दोन्ही गालांवर मारून घेतलं. नवरा माझ्या माहेरच्या देवीच्या नावानं साबण आणायला गेला, हे तर वाईटच. पण दुसऱ्याचा नवस मार्टात हिंडवून घरी आणला, त्याला माफी नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. नारळाची चटणी करावी, असं रामरावांनी अर्ध्यापर्यंत सुचवलं आणि उरलेलं वाक्य गिळलं.

"मंगळवारी जायचं," वंदनाबाई म्हणाल्या. "खरंखुरं."

एस.टी.त वंदनाबाईंना अर्धं तिकीट होतं. रामरावांना पासष्ट पुरी व्हायला सात महिने कमी होते, म्हणून पूर्ण. त्यांनी बायकोला एकटीलाच पाठवायचा काटकसरीचा विचार मांडून पाहिला, पण पाप पूर्ण तिकिटाचं आहे असं उत्तर मिळालं. जाण्याआधी नखानं खरवडून त्यांनी स्टिकर काढला. त्यासोबत नारळाची अर्धी दाढी गेली. देवळात नारळ फोडताना रामरावांनी राधेश्यामचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, आमच्या गल्लीतले लोक माघारी वळव, आणि वळणाऱ्यांत आपण पहिले आहोत हे जाणवून मान खाली घातली.

मेव्हण्यानं खरंच मिरची दिली. निळी बॅग शिगोशीग भरली. संध्याकाळी राधेश्यामनं ती उतरवून घेतली, नेहमीसारखी क्षणभर हातात धरली आणि म्हणाला, "साडेनऊ किलो." मग दोघांना पाणी दिलं, प्रसाद घेतला, आणि आनंदाची बातमी सांगितली.

"देवी पावली, रामरावजी. माल स्वस्त भेटून राह्यला मला. साखर, तेल, समदं. उद्यापासून भाव खाली."

दुसऱ्या दिवशी खरोखरच पाटी लागली. मार्टापेक्षा रुपया-दीड रुपया जास्त, पण रिक्षा नाही, बॅग नाही, पाच तास भजी खात बसणं नाही. गल्ली माघारी वळली. संघपाल सर दोन पिशव्या घेऊन आले. ऐंशी वर्षांच्या तुळजाबाई, ज्या महिनाभर दर शनिवारी डोळे दाखवायला जात होत्या, त्यांना एकदम स्पष्ट दिसायला लागलं आणि त्याही आल्या. रामरावांच्या मनावरचा भार उतरला. देवीसमोर आपण खोटे ठरलो, पण नवस खरा ठरला, असं समाधान मानून ते बाकावर सैल बसले आणि घरासाठी महिन्याचा किराणा सांगितला.

राधेश्यामनं सामान बांधलं आणि वर एक नारंगी मग ठेवला.

"हे काय?"

"स्कीम हाये. पाचशेच्या वर मग फुकट."

रामरावांनी मग उलटसुलट करून पाहिला. तोच रंग, तोच कान. त्यांनी मान लांब करून आत डोकावलं. साखरेच्या पाकिटांमागे एकात एक बसवलेल्या नारंगी मगांचा मनोरा छताला टेकायला आला होता.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "हे मग कुठून आनले?"

राधेश्यामनं तराजूवरची धूळ फुंकली. गिऱ्हाईक नाही हे पाहिलं.

"पिंपळगावहून," तो म्हणाला.

रामरावांच्या हातातला नारंगी मग खाली आला.

"त्या बॅगेत मिरची नऊ-साडेनऊच किलो मावती," राधेश्याम शांतपणे म्हणाला. "ठासून भरली तरी दहा. बावीस किलो म्हनल्यावर मी म्हनलं, बघून तं यावं देवी कुठं हाये. दुसऱ्या दिवशी बायपासला गेलो. रामरावजी, मला ठोकमध्ये साखर ज्या भावानं पडती, तिच्यापेक्षा ती तिथं सस्ती. मी येडाच झालो. मंग तवापासून तिथूनच आनून राह्यलो."

रामराव उठू लागले. सहा वर्षांचा बाक सुटत होता.

"बसा हो," राधेश्यामनं त्यांचा हात धरला. "चहा येऊन राह्यला. तुमच्यानंच तं दुकान वाचलं. फक्त एक अडचन हाये. ते लोक एका मानसाला दोनच पाकिटं देतात. मी, बायको, दोघं पोरं, समदे जाऊन आलो. आता पहारेकरी वळखाया लागला." तो थांबला. "शनिवारी येता का? तुमची बॅग मोठी हाये."

शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा राहिला. निळी बॅग चढली, सरांची काळी चढली, वंदनाबाई आणि तृप्ती चढल्या. राधेश्यामनं दुकान अर्धं ओढलं आणि मोठी पेटी घेऊन पुढे बसला. एवढ्यात काठी टेकत तुळजाबाई आल्या. गल्लीतली एवढी माणसं बॅगा घेऊन एकदम निघालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"कुठं निघालास रं समद्यांना घिऊन?"

 सगळ्यांनी राधेश्यामकडे पाहिलं. राधेश्यामनं रामरावांकडे पाहिलं, आणि मग जे पहिलं तोंडात आलं ते बोलला.

"पिंपळगाव रेणुकाईला, आजी."

तुळजाबाईंनी तिथूनच हात जोडले. मग थांब म्हणाल्या, अर्ध्या ओढलेल्या दारातून वाकून दुकानात शिरल्या, आणि पदरानं पुसत एक नारळ घेऊन बाहेर आल्या.

"माझ्या नावानं वाहा बाबा," त्या राधेश्यामच्या मांडीवर नारळ ठेवत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हाती न्हाई दिला असता."