मटार सोलता सोलता मुलाखत

एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर कंपनीने मला घरी बसवलं, तेव्हा मी ठरवलं, की यापुढची मुलाखत तयारी करूनच द्यायची. (बिनतयारीची एकच मुलाखत मी पास झालो होतो, सासऱ्यांपुढची. तो निकाल ते शेवटपर्यंत आपली चूक समजत.)

तयारीची निकड होती. चार महिने घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं आणि मुलगी शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात रेघ मारून आली होती.

प्रश्न विचारायला बायको तयार झाली. अट एकच, तोंडाबरोबर माझे हातही चालले पाहिजेत. मग दहा दिवस ती ओट्यापाशी कुकर लावता लावता प्रश्न विचारी आणि मी मटार सोलत उत्तरं देई. दाणे डावीकडे, सालं उजवीकडे, किडके पेपरवर. पुढे पुढे मी इतका फर्डा बोलू लागलो, की शेजारचे मास्तर खिडकीशी येऊन उभे राहत. (आम्ही एवढे मटार आणतो कुठून, हे त्यांना विचारायचं होतं.)

मुलाखत नटबोल्टच्या कारखान्यात, हेडक्लार्कच्या जागेसाठी होती. समोर दोन साहेब, मध्ये मॅनेजरबाई. "आधीच्या कामाबद्दल सांगा," बाई म्हणाल्या. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. हात रिकामे होते ना! खाकरलो, पाणी प्यालो. एकवीस वर्षांतला एक दिवस आठवेल तर शपथ. तेवढ्यात टेबलावर नमुन्यांचा ट्रे दिसला. नट, बोल्ट, सगळं एकत्र. माझा हात आपोआप तिकडे गेला.

मग काय, गाडी सुटली. टपाल, फायली, शिस्त यांवर मी अर्धा तास बोललो. तिघंही डोळे विस्फारून बघत होते. मला वाटलं, भारावले. अखेर बाईंनी ट्रेकडे बोट केलं. नट डावीकडे, बोल्ट उजवीकडे, आटे गेलेले माझ्या रुमालावर.

"हे न बघता केलंत?"

"काय?" मी विचारलं.

आठवड्याने पत्र आलं. हेडक्लार्क दुसराच कोणी झाला होता. मला भांडारात घेतलं होतं, सुटे भाग निवडायला. खाली टीप होती, 'उमेदवाराने दिलेली उत्तरे विचारात घेतलेली नाहीत.'

बायकोने टीप दोनदा वाचली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "माणसं समजूतदार दिसताहेत. टिकाल तुम्ही तिथे."