तळ्याकाठच्या बोलक्या मडक्यांचे वर्तमान

श्रीशारदेचे चरणी माथा ठेवोन, जैसे घडले तैसे लिहिले आहे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी, एका राज्यात तळ्याकाठी कुंभारआळी आणि बुरूडआळी नांदत होत्या. बुरुडांनी तळ्यात बांबू भिजत घातले, तो कुंभार म्हणाले, पाणी कुजविले. आणि कुंभारांनी काठची माती उपसली, तो बुरूड म्हणाले, तळे गढूळ केले. मग शब्दास शब्द लागोन येणेजाणे, हळदीकुंकू सर्व बंद जाहले. सोनाऊ कुंभारीण आणि ठकूबाई बुरुडीण जन्माच्या मैत्रिणी, परंतु आळीचे अब्रूखातर त्याही अबोला धरोन बसल्या.

ऐसे समयी शाल्मलीबाई नामे कलावती, चित्रकला आणि संगणकविद्या दोहींत निपुण, दरबाराचे आज्ञेवरोन तेथे दाखल जाहल्या. दोन्ही आळ्यांचे हाते एकच वस्तू उभी करावी ऐसा मनसुबा करोन बुरुडांस बांबूचा मनोरा मागितला आणि कुंभारांस मडकी मागितली. कुंभार म्हणाले, "मडकी देतो, पर त्यांच्या बांबूला टेकवायची न्हाईत." बाई हसोन बोलिल्या, "टेकवीत नाही, टांगते." मग शिंक्यांत मडकी टांगिली, आणि घरोघर हिंडोन पल्याडच्या आळीस काय सांगणे ते ज्याचे त्याचे तोंडून ध्वनिमुद्रित केले, आणि मडक्यांत स्पीकर बसविले, की कान लाविताच आवाज उमटावा. ठकूबाई मात्र "मला काय बी बोलायचं न्हाई" म्हणोन मान फिरवोन बसली, आणि बाई उठू लागल्या तो हळूच बोलिली, "सोने, तुझा गुडघा कसा हाय गं?" बाईंनी पुसिले, "हे ठेवू?" म्हणाली, "ठेव. पर मी येणार न्हाई."

मग एके सायंकाळी दरबारी मंडळी पाहावयास आली, मनोऱ्यास लाविलेल्या पडद्यावर दोन्ही आळ्यांचे कष्टकरी हातांची चित्रे हालू लागली, आणि सोनाऊने मडक्यास कान लाविला. आवाज ऐकताच डोळे भरोन उत्तर केले, "लई ठणकतोय गं!" मडके पुन्हा तेच पुसो लागले. लोक हसले. सोनाऊ रागेजोन म्हणाली, "इचारती आन ऐकत न्हाई, ही कुठली रीत?"

बाई बोलिल्या, "आजी, हा साठवलेला आवाज. यास ऐकू येत नाही."

"मग जिला ऐकू येतं ती कुठं हाय?"

ऐसे बोलोन लंगडत बुरूडआळीकडे निघाली. कुंभारांचे पंच आडवे जाहले, "म्होरं गेलीस तर आळी तुटली तुला!" म्हातारी म्हणाली, "तुटू दे. मला गुडघ्याचं सांगायचंय." मग पंचांनी खाली मान घालोन वाट दिली, आणि सारी कुंभारआळी तिचे मागे चालिली. ठकूबाई दारी उभीच होती. तिने पाट आणिला, मैत्रिणीस बसविले, आणि स्वहस्ते गुडघा चोळू लागली. मग दोघी जे बोलो लागल्या ते थांबेनात.

इकडे मनोऱ्यापाशी चिटपाखरू उरले नाही. दरबारी मंडळी "प्रेक्षकच नाहीत" म्हणोन नाक मुरडोन गेली. बाईंस क्षणभर वाईट वाटले, इतक्या खटाटोपाचे हे काय जाहले. मग बुरूडआळीतून हसणे ऐकोन त्यांनी आपले हाते यंत्र बंद केले आणि तिकडे गेल्या.

सारांश, दोन्ही आळ्यांनी मिळोन तळ्याची एक बाजू बांबूस आणि एक मातीस नेमोन दिली, तंटा मिटला. बाईंस मानाची शाल काही मिळाली नाही. ठकूबाईचे ओट्यावर त्या सांजेस बसावयास जागाही मिळाली नाही. उभ्यानेच चहा घेतला, आणि तो त्यांस फार गोड लागला.