सोडतीतला गुडघा

सोमवारी सकाळी डॉ. ब्रॉनविनने इस्पितळाच्या चहाच्या खोलीतला फ्रिज उघडला. तिचा गुडघा गायब होता.

गुडघा मेंढीचा होता, पण म्हणून काय झालं? कुराबिन गावच्या इस्पितळात गुडघ्याच्या सरावाचं संगणकी यंत्र अजून यायचं होतं. तोवर शिकाऊ सर्जन खाटकाकडून आलेल्या तंगड्यांवर हात बसवत. एका बारीक भोकातून दुर्बीण घालायची, दुसऱ्यातून हत्यार, नजर पडद्यावर ठेवायची आणि तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवं ओवून स्क्रूने पक्कं करायचं. शुक्रवारी ब्रॉनविनचा हात असा काही लागला, की त्या मेंढीला हयातीत लाभला नसेल इतका मजबूत गुडघा मेल्यावर मिळाला. वरचे टाके तर इतके बेमालूम, की कुणाला पत्ता लागू नये. ज्याचा गुडघा उत्तम ठरेल त्याला आज खऱ्या पेशंटच्या शस्त्रक्रियेत बॉसच्या, म्हणजे मुख्य सर्जन डॉ. मॅकॉलींच्या, शेजारी उभं राहून हत्यार धरायला मिळणार होतं. वर्षभर ती याच दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

सरावाच्या खोलीतला फ्रिज बंद पडला म्हणून तिने तंगडी इथे आणून ठेवली, एवढंच तिचं चुकलं.

“नरेल! इथली तंगडी कुठाय?”

“इथलं सगळं मटण शनिवारी क्लबातल्या सोडतीला बक्षीस म्हणून गेलं की,” मुख्य नर्स नरेल म्हणाली. “आपल्या यंत्राच्या पैशांसाठीच तर काढतो सोडत!”

“अगं, त्यातली एक माझी होती! स्क्रूवाली!”

“मला काय ठाऊक? सगळे ट्रे एकाच खाटकाचे. उलट तुझीच तंगडी सगळ्यांत देखणी होती, म्हणून तिला पहिलं बक्षीस केलं.”

“आणि लागलं कुणाला?”

“बॉसना. काय नाचले गं बाई ते!”

कोपऱ्यात टोस्ट खात बसलेला डॉ. लॅकलन खो खो हसला. आजच्या जागेसाठी ब्रॉनविनला टक्कर होती ती त्याचीच. “झालं! बॉसनी तुझी परीक्षा बटाट्यांबरोबर भाजली असणार.”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. तोंडावर मास्क लावलेले डॉ. मॅकॉली आत शिरले आणि त्यांनी टेबलावर एक धुतलेलं हाड आपटलं.

“काल रोस्ट खायला बसलो. तंगडी सांध्यातून मोडायला गेलो, तर मोडेना! ओढली, पिळली, ढिम्म हलेना! माझी बायको लॉरेन म्हणते, खाटकाने दोरा बांधलाय. मी म्हटलं, खाटकाच्या बापाला असा टाका जमायचा नाही! हा कोन बघा! ओव्हनमधून निघूनही स्क्रू जागचा हललेला नाही! कुणाचं हे काम? बोला!”

ब्रॉनविन कात्रीत सापडली. हो म्हणावं तर बॉसला सरावाचं मटण खाऊ घातल्याचं पाप डोक्यावर, आणि गप्प राहावं तर वर्षाची मेहनत पाण्यात.

“माझं, बॉस!” लॅकलन टोस्टसकट उभा राहिला.

“नक्की?”

“म्हणजे काय! शुक्रवारी जेवलोसुद्धा नाही त्यापायी.”

बॉसनी मास्क खाली ओढला. समोरचा एक दात अर्धा तुटला होता.

“मग हाही तुझाच. मला हाड चोखल्याशिवाय जेवण जात नाही, ठाऊक आहे ना? स्क्रू निघाला नाही, दात निघाला.”

लॅकलन पांढराफटक पडला. “तसं बघायला गेलं तर, बॉस… काम ब्रॉनविनचं आहे. मी आपला टोस्ट खात होतो.”

“वा! मास्क निघाल्यावर क्षणभरही टिकला नाहीस!”

सगळ्यांच्या नजरा ब्रॉनविनकडे वळल्या. तिला रडू येत होतं, पण तिने मान ताठ केली.

“माझंच आहे, बॉस. दातासकट. ट्रेवर साधी चिठ्ठी चिकटवायचीही अक्कल झाली नाही मला. आजची जागा लॅकलनला दिलीत तरी माझी तक्रार नाही.”

“रागावलोय मी! लॉरेन तर माझ्याहून जास्त!” बॉस गरजले, आणि मग त्यांना हसू आवरेना. “पण आजवर तुम्हा सगळ्यांचं काम मी नुसतं डोळ्यांनी तपासत आलो. चावून तपासलेलं हे पहिलंच. चल, हात धू. पेशंट वाट बघतोय.”